ऑपरेशनआधीच्या पंधरा दिवसांबद्दलचा तो मेसेज

परवा पहाटे पाचला दादाचा फोन आला. वहिनीला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. ग्लुकोमीटरवर शुगर ५४. दादाने साखरेचं पाणी पाजलं आणि आम्ही लोकमान्य नगरातून सुदामा नगरला पोहोचेपर्यंत ती सावरली होती. ओट्यावर मधाची बाटली आणि लिंबाच्या सालींचा ढीग पडला होता. दोन दिवस तिने दुसरं काहीच पोटात घातलं नव्हतं.

वहिनीचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलंय, स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं. त्याआधी पंधरा दिवस ठरावीक आहार घ्यायचा आहे. तो सुरू व्हायच्या तीन दिवस आधी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि अकरा जणांनी त्याखाली ‘खूप उपयुक्त’ लिहिलं. वहिनीला वाटलं, आपण जरा आधीच सुरुवात करू. मेसेज थोडक्यात असा: ‘ऑपरेशनआधी वजन उतरवायला सांगतात, म्हणजे वजन उतरतं, मग ऑपरेशन कशाला? हा पैसे उकळण्याचा धंदा आहे. वजन कमी करा म्हणून सहा-सहा महिने लटकवतात, त्याला शास्त्रीय आधार नाही. त्यांचा आहार घेऊ नका, सात दिवस कोमट पाणी, लिंबू आणि मध घ्या, लिव्हर धुऊन निघतं. आठव्या दिवशी ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस प्या, पित्ताचे खडे पडतात. करायचंच असेल तर आधी मनसोक्त खाऊन घ्या, नंतर जन्मभर सूप. आणि वजन उतरलं तर विमा मिळत नाही, हे कोणी सांगणार नाही.’

आधी लिंबू-मधाचंच बोलते, कारण त्यानेच ती पहाट आणली. दिवसाला चार ग्लास, प्रत्येकात एक चमचा मध, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. आणि वहिनी डायबिटीसची पेशंट. सकाळी ग्लिमेपिराइड, सोबत डॅपाग्लिफ्लोझिन. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. पोटात अन्न नाही आणि गोळी चालू, मग शुगर कोसळणारच. सत्तरच्या खाली गेली की ती धोक्याची. वरून ही गोळी बराच वेळ काम करत राहते, त्यामुळे साखर पाजून वर आलेली शुगर पुन्हा घसरू शकते. म्हणूनच वहिनीला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात नजरेखाली ठेवलं.

दुसऱ्या गोळीचा धोका तर दिसतसुद्धा नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या चालू असताना उपाशी राहिलं तर चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात साचून आम्ल वाढू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर आकडा ठीकच दिसू शकतो. मळमळ, उलट्या, धाप लागते आणि घरचे म्हणतात, ‘उपवासाने पित्त झालं असेल.’ अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०२० मध्ये स्पष्ट केलं की या दोन्ही गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्यात. आपल्याकडे आज घराघरात ही गोळी आहे. आणि मेसेजमध्ये गोळ्यांचा एका शब्दाने उल्लेख नाही! हॉस्पिटलच्या कागदावर मात्र पहिलीच ओळ आहे: आहार सुरू करण्याआधी फिजिशियनला भेटून डायबिटीस आणि बीपीच्या गोळ्या बदलून घ्या. वहिनीची ती भेट सोमवारी होती. लिंबू-मध तिने शनिवारी सुरू केलं.

‘लिव्हर धुऊन निघतं’ म्हणे. लिव्हर म्हणजे मोरी नव्हे. डॉक्टरांनाही ते धुवायचं नसतं, लहान करायचं असतं. का, ते डाएटीशियन मॅडमनी आम्हाला चित्र काढून दाखवलं. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. दुर्बिणीचं ऑपरेशन करताना तो उचलून धरावा लागतो, तेव्हा कुठे खालचं जठर दिसतं. वजन जास्त असलेल्यांत बहुतेकांचं लिव्हर चरबीने सुजलेलं, जड आणि ठिसूळ असतं. ते नीट उचललं जात नाही, धक्का लागला तर रक्त येतं. नेमका जठराचा वरचा कोपरा, जिथे सगळ्यात जपून काम करायचं, तोच झाकला जातो.

आता ‘वजन उतरतं तर ऑपरेशन कशाला’ या प्रश्नाकडे येते. २००६ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोल्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. ऑपरेशनआधी ३२ जणांना १२ आठवडे अतिशय कमी कॅलरीचा आहार दिला आणि मधूनमधून स्कॅन करून लिव्हर मोजलं. आकार सरासरी १८.७ टक्क्यांनी घटला, आणि त्यातली ८० टक्के घट पहिल्या दोनच आठवड्यांत झाली. पंधरा दिवसांचा आकडा डॉक्टर हवेतून काढत नाहीत, तो इथून येतो. पिष्ट पदार्थ थांबले की लिव्हरमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आधी संपतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं, आणि मग लिव्हरमधली चरबी हलायला लागते. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो तो बराचसा या पाण्यामुळे. ‘पंधरा दिवसांत पाच किलो, म्हणजे वर्षात सव्वाशे’ असला हिशोब करणाऱ्यांनी हे जरा समजून घ्यावं.

आणि इच्छाशक्तीचे धडे वहिनीला देऊ नका. तिने दोनदा चौदा-चौदा किलो उतरवलेत, दोन्ही वेळा वजन परत आलं, वर दोन किलो जास्त. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात ५० जणांनी दहा आठवडे कडक आहार करून वजन उतरवलं, तर वर्षानंतरही त्यांचे भुकेचे हार्मोन पूर्ववत झालेले नव्हते. शरीर गेलेलं वजन परत मागत राहतं. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात, भुकेचं हार्मोन घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं. पंधरा दिवसांच्या आहाराने हे होत नाही.

खरा आहार कसा असतो, तेही लिहिते, कारण कागदाकडे कोणी बघतच नाही. वहिनीला दिवसाला ८०० ते १००० कॅलरी आणि साधारण ७० ग्रॅम प्रोटीन सांगितलंय: पाण्यातलं व्हे प्रोटीन, ताक, थोडं पनीर, मुगाचं कढण, दुधी-पालकाचं सूप, काकडी. प्रोटीन नसेल तर चरबीसोबत स्नायूही झिजतात, आणि ऑपरेशननंतर जखम भरायची ती कशाच्या जोरावर? पोहे, जिलबी, शेव, बटाटा बंद. मधल्या चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी चालेल का, असं वहिनीने विचारलं होतं. नाही चालणार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याने लिव्हरमधलं ग्लायकोजेन पुन्हा भरतं.

ऑलिव्ह ऑइलने पडणारे ‘खडे’ तर साबणाचे असतात. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका बाईचे असे हिरवे खडे तपासल्याचं छापून आलंय. त्यात ७५ टक्के फॅटी ॲसिड होतं, कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नव्हतं, आणि ४० अंशांना ते वितळले. तेल आणि लिंबाचा रस पोटात एकत्र आला, एवढंच.

मनसोक्त खाण्याचं म्हणाल तर आपल्याच नात्यातल्या काहींनी वहिनीला ‘शेवटचं’ म्हणून इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, न्यायचा बेत केला होता. प्रेमाने केला असेल, पण अशा एका रात्रीच्या गराडू-मालपुव्याने आठवडाभराची कमाई मागे जाते. आणि जन्मभर सूप वगैरे काही नसतं. पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, असं करत साधारण दोन महिन्यांत घरचं साधं जेवण सुरू होतं, थोडं आणि सावकाश.

विम्याचं गणित मी स्वतः केलं. विमा नियामक आयआरडीएआयच्या अटीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्यावर लागतो, गंभीर सहव्याधी असेल तर ३५. वहिनीची उंची १५२ सेंटीमीटर, वजन १०८ किलो, बीएमआय ४६.७. चाळीसच्या खाली यायला तिला साडेपंधरा किलोंहून थोडे जास्त उतरवावे लागतील. पंधरा दिवसांत ते होत नाही. ज्यांचा बीएमआय अगदी सीमेवर आहे, त्यांनी आधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं, पण त्यासाठी वजन वाढवून ऑपरेशन टेबलवर जाणं हा स्वतःच्या जिवाशी खेळ आहे.

सहा महिने लटकवण्याबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मला मान्य करावं लागतंय. अमेरिकेत विमा कंपन्या आधी अमुक महिने वजन कमी करून दाखवा अशी सक्ती करत आल्या. तिथल्या बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं की याला शास्त्रीय आधार नाही, पेशंटचं उपचाराविना नुकसान होतं, ही अट काढून टाका. बरोबरच आहे त्यांचं. पण ती सक्ती वेगळी आणि सर्जनला जठर नीट दिसावं म्हणून घ्यायचा दोन आठवड्यांचा आहार वेगळा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरले.

सोमवारी फिजिशियननी ग्लिमेपिराइड बंद केली, डॅपाग्लिफ्लोझिन कधी थांबवायची त्याची तारीख लिहून दिली, बीपीची गोळी निम्मी केली. मंगळवारपासून आहार सुरू झालाय, शुगर रोज चार वेळा बघतोय. ज्या अकरा जणांनी ‘खूप उपयुक्त’ लिहिलं, त्यांनी तो मेसेज आणखी कुणाकुणाला पाठवला असेल, तर फक्त डिलीट करून थांबू नका. त्या माणसाला फोन करा आणि विचारा की घरात कोणी डायबिटीसच्या गोळ्या घेतं का.