वरपक्षाच्या खोलीत पायथन

मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे वाक्य मी सॉफ्टवेअरबद्दल गेली बारा वर्षं लोकांना ऐकवतोय. कॉलेजातल्या पोरांना, नातेवाइकांना, एकदा तर सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यालाही. इंग्रजीत दोन्हीला शब्द एकच, म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या बिचाऱ्या रिचर्ड स्टॉलमनना ‘फ्री म्हणजे भाषणस्वातंत्र्यातलं फ्री, फुकटच्या बिअरमधलं नव्हे’ अशी फोड करून सांगावी लागली. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, मध्ये बिअर आणायची गरजच नाही. तरी समोरच्याला दोहोंतला एकच ऐकू येतो, आणि तो ‘मुक्त’ नसतो.

असं मी वर्षातले नऊ महिने तावातावानं सांगतो. उरलेले तीन महिने पुण्यात फुकट हॉल शोधत हिंडतो.

आमची एक दिवसाची मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरची परिषद असते. आम्ही सात जण ती नोकरी सांभाळून करतो. म्हणजे घरच्यांच्या मते नोकरी न सांभाळता करतो. येणारे साधारण दोनशे. तिकीट तीनशे रुपये, त्यात जेवण. त्याचे साठ हजार, आणि मित्रांच्या दोन छोट्या कंपन्या प्रत्येकी तीस हजार देतात. झाले एक लाख वीस हजार. एवढ्यात एक मोठी आणि दोन छोट्या खोल्या, लॅपटॉपला वीज, पळणारं इंटरनेट, बायकांसाठी बरं स्वच्छतागृह आणि दिवसातून तीनदा चहा बसवायचा. आमचा खजिनदार हे सगळं एका तक्त्यात मांडतो. त्याला ‘एक्सेल शीट’ म्हटलं तर तो दोन दिवस बोलत नाही. ते लिब्रेऑफिस कॅल्क असतं, एक्सेलचं मुक्तस्रोतातलं भावंड.

गंमत बघा. लाखो ओळींचा कोड एका आज्ञेत आपल्या यंत्रावर उतरवून घेता येतो, कोणी विचारत नाही. पण दोनशे खुर्च्या, वर पंखे आणि खाली फरशी यांची प्रत निघत नाही. दुसऱ्याच्या कोडची प्रत काढून आपली वेगळी वाट धरणं याला आम्ही ‘फोर्क’ म्हणतो. हॉल फोर्क करता येत नाही.

परदेशातले लोक कसं करतात? ब्रुसेल्सला दर वर्षी फोसडेम हे मुक्तस्रोतवाल्यांचं संमेलन भरतं, तिथल्या विद्यापीठाच्या आवारात. हजारो माणसं येतात, तिकीट नाही, नोंदणीसुद्धा नाही. खोली भरली की दारावर ‘फुल’ असा कागद लागतो, संपलं. मी हे आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळे थोडा वेळ गप्प बसले, गावाकडच्या माणसानं दुबईचे फोटो बघावेत तसे. बंगळुरूची इंडियाफॉस ही आमच्यासारखीच परिषद २०२४ साली निम्हान्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झाली. ही संस्था मानसिक आरोग्याची. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “बरोबर जागा निवडली त्यांनी.” तारखा मात्र होत्या ७ आणि ८ सप्टेंबर, म्हणजे ऐन गणेश चतुर्थी. त्यामुळे इथली निम्मी मंडळी मोदक वळत घरीच राहिली.

आमची तारीख ठरलेली असते. सप्टेंबरातला तिसरा शनिवार हा सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन. २०२४ला तो आला २१ तारखेला. विसर्जन मंगळवारी १७ला, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबणार हे धरून चाललं तरी घशातला गुलाल उतरायला तीन दिवस हाताशी. म्हटलं, छान.

आधी एका हॉटेलात गेलो. का गेलो ते आता सांगता येणार नाही. बहुधा तिथला एसी बाहेरपर्यंत येत होता. कोट घातलेल्या तरुणानं थंड पाणी दिलं आणि “अठराशे पर पॅक्स” म्हणाला. पॅक्स म्हणजे माणूस, हे मला तिथं कळलं. तीन लाख साठ हजार, वर अठरा टक्के जीएसटी. तो नुसता जीएसटीच चौसष्ट हजार आठशे, म्हणजे आमच्या सगळ्या तिकीटविक्रीहून जास्त. निघताना खजिनदारानं काउंटरवरच्या वाटीतल्या बडीशेपेच्या गोळ्या मूठभर उचलल्या. त्या दिवसाची आमची एकूण वसुली तेवढीच.

मग हिंजवडी. एका मोठ्या कंपनीचं प्रेक्षागृह ओळखीतून मिळत होतं. खरोखर फुकट. मऊ खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला सॉकेट. मी घरी पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात अटींची मेल आली. येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आठवडाभर आधी. लॅपटॉपचा सीरियल नंबर गेटवरच्या वहीत. कॅमेऱ्यावर स्टिकर. पेनड्राइव्ह गेटवर जमा. इंटरनेट ओटीपीवर, तासाभराचं, तेही परवानगीच्या यादीतल्या साइटपुरतं. त्या यादीत कोड ठेवायची एकही साइट नव्हती, कारण काय तर डेटा बाहेर जाईल. मी फोन करून म्हटलं, अहो, आमचा डेटा बाहेरच असतो. तोच आमचा मुद्दा आहे.

“पॉलिसी आहे सर.”

“तुमचे सर्व्हर कशावर चालतात?”

“लिनक्सवर.” म्हणजे आमच्याच मुक्तस्रोतातल्या यंत्रणेवर.

“मग?”

“ते वेगळं, सर.”

शनिवारी एसी बंद असतो हे त्यांनी शेवटी, जाता जाता सांगितलं.

कॉलेजांवर माझा खरा भरवसा होता. पुण्यात ही चळवळ कॉलेजांच्या वर्गांतच वाढली. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नूनिफाय ही परिषद भरायची, २०११मध्ये फेडोरा या लिनक्सच्या एका अवतारावाल्यांची फडकॉन परिषद सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात झाली. आम्हीही एका कॉलेजात गेलो. विभागप्रमुख बाई चांगल्या होत्या. “भाड्याचं काय बोलता, उलट मुलांना एक्स्पोजर मिळेल,” म्हणाल्या आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत कार्यक्रमपत्रिका तयार होती: दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, ईशस्तवन, प्राचार्यांचं स्वागतपर, सचिवांचं प्रास्ताविक, अध्यक्षांचं अध्यक्षीय, शाल-श्रीफळ, आभार. पहिला वक्ता पावणेबाराला. बदल्यात नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्यांच्या, तपासणीसाठी जिओटॅग केलेले फोटो आणि अहवालाच्या दोन प्रती.

“अहवाल ओडीटीत चालेल ना?” मी विचारलं. ओडीटी म्हणजे आमच्या लिब्रेऑफिसचं फॉरमॅट.

“वर्डमध्ये द्या,” बाई म्हणाल्या.

तेही कबूल केलं. माणूस गरजवंत झाला की फाइलच्या फॉरमॅटवरही पाणी सोडतो. खजिनदारानं मात्र दोन दिवस अबोला धरला. अन् तीन आठवडे उरले असताना परीक्षांचं वेळापत्रक बदललं, आमच्या सभागृहात बाकं लागली, आणि बाईंचा फोन आला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मी आवाजावरून ओळखलं.

त्या रात्री आमच्या घरी सातही जण जमले. सासूबाई कांदा चिरत होत्या. आमचा तासभराचा विलाप ऐकून त्या म्हणाल्या, “एकवीसला म्हणजे पितृपक्ष ना? सगळी मंगल कार्यालयं ओस पडलेली असतील.”

शांतता पसरली. मग एकजण चाचरत म्हणाला, पितृपक्षात बरं दिसेल का? दुसरा त्याच्यावर तुटून पडला, आपण विज्ञाननिष्ठ लोक वगैरे. पहिला म्हणाला, “तू शुक्रवारी संध्याकाळी कोड लाइव्ह करशील का?” दुसरा गप्प झाला. आमच्या धंद्यात शुक्रवार पाळतात, काही बिघडलं तर शनिवार-रविवार गेला म्हणून. त्यापुढे पितृपक्ष म्हणजे किरकोळ.

सदाशिव पेठेतलं एक जुनं कार्यालय. दारातच पाटी: ‘अक्षता टाका, फेकू नका.’ ऑफिसात खिळ्याला कालनिर्णय, टेबलावर लाल कापडाची वही, तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन. पेनाचं टोपण हरवलेलं. वहीमागे काका.

“बोला. कार्य काय?”

“परिषद आहे. मुक्तस्रोत.”

“स्रोत म्हणजे झरा. पाण्याचं काम करता?”

“नाही, सॉफ्टवेअरचं. म्हणजे असं सॉफ्टवेअर, की कोणीही वापरावं, आत काय आहे ते बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं.”

“आणि पैसे?”

“मागत नाही कोणी.”

“मग पोटाला?”

“नोकऱ्या आहेत ना.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे कीर्तनसेवा.”

इतक्या कमी शब्दांत हे मला बारा वर्षांत जमलं नव्हतं. पण भाडं अजून निघायचं होतं, म्हणून मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. “काका, २०२१मध्ये नासाचं हेलिकॉप्टर मंगळावर उडालं ना, त्यातसुद्धा लिनक्सच होतं.”

“मंगळाचं इथं काढू नका,” काका म्हणाले. “ह्या टेबलावर मोडलीत लग्नं त्यापायी.”

सीझनमध्ये अर्ध्या दिवसाचे नव्वद हजार. पितृपक्षात अख्ख्या दिवसाचे पस्तीस. साफसफाई तीन हजार, वीज मीटरप्रमाणे, अनामत पंधरा हजार. मनातल्या मनात मी नाचत होतो. पण इतक्या महिन्यांची सवय, तोंडातून आपसूक निघालं, “काका, आमचं सगळं सेवाभावी आहे. काही कमी... म्हणजे जमल्यास...”

काकांनी पेन खाली ठेवलं. “तुमचं ते सॉफ्टवेअर. फुकट असतं का?”

“नाही हो,” मी म्हणालो. हे वाक्य माझ्याकडून झोपेतही येतं. “मुक्त म्हणजे फुकट नव्हे.”

“झालं तर मग. कार्यालयही पितृपक्षात मुक्त असतं.”

खजिनदारानं निमूट चेकबुक काढलं. पावतीवर दोनच रकाने होते. काकांनी ‘वरपक्ष’समोर माझं नाव लिहिलं, थोडा विचार केला, आणि ‘वधूपक्ष’समोर लिहिलं: संगणक. बायकोला ती पावती दाखवली. म्हणाली, खोटं काय आहे त्यात.

आदल्या संध्याकाळी वायरमन आला. लोड किती, म्हणाला. मी हिशोब करून गेलो होतो: पासष्ट वॉटचे चार्जर, एका वेळी शंभर जरी लागले तरी साडेसहा किलोवॅट. माझ्या कपाळावर घाम. तो म्हणाला, “म्हणजे साडेसहा इस्त्र्या. नवरीकडच्या खोलीत सकाळी सातला याहून जास्त चालू असतात.” आणि विडी ओढायला बाहेर गेला.

वरपक्षाच्या खोलीत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, वधूपक्षाच्या खोलीत सायबर सुरक्षा, मुख्य हॉलात बाकी सगळं. स्टेजवरची लाल मखमलीची दोन सिंहासनं हलवता येत नव्हती, त्यामुळे ‘कर्नेलमध्ये पहिला पॅच कसा पाठवावा’ (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात पहिली दुरुस्ती) ही चर्चा दोन दाढीवाल्यांनी नवरा-नवरीच्या जागी बसून केली. समोर बसलेल्या एकीनं खरंच अक्षता टाकल्या. टाकल्या, फेकल्या नाहीत.

बाहेरचं जेवण चालत नव्हतं आणि कार्यालयाच्या आचाऱ्याकडे त्या पंधरवड्यात एकच मेनू होता. एकशेसाठ रुपये ताट, बदल नाही. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. बंगळुरूहून आलेला पाहुणा तीनदा खीर घेऊन विचारता झाला की हे इथल्या परिषदांचं पारंपरिक जेवण का? मी म्हटलं, आता झालं. गच्चीवर आमच्यातल्या एकानं सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्या डेनिस रिचींच्या नावानं पान ठेवलं. रिची २०११मध्ये गेले. कठड्यावर चार कावळे बसलेले, पण शिवेनात. दहा मिनिटं झाली. शेवटी त्यानं हात जोडले आणि मोठ्यानं सांगितलं, “मॅलॉकनं घेतलेली सगळी मेमरी वेळच्या वेळी फ्री करीन.” सीमध्ये मॅलॉक म्हणून मेमरी मागून घ्यायची आणि काम झालं की आपणच फ्री म्हणून सोडायची असते. एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.

सोमवारी अनामत आणायला गेलो. पंधरा हजारांतून साडेपाचशे कापले होते. पावतीवर कारण: ‘खुर्च्यांना बदकांची चित्रे चिकटवणे, नग ११.’

“काका, बदक नाही, पेंग्विन आहे तो. लिनक्सचा.”

“निघत नाहीये तो,” काका म्हणाले. “पन्नास रुपये नग.”

डिसेंबरात मावसभावाचं लग्न निघालं, आणि पत्रिकेत बघतो तर तेच कार्यालय. मुहूर्ताच्या गर्दीत मी खुर्च्यांच्या पाठी बघत हिंडत होतो. चौथ्या रांगेत सापडला. नऊवारीतल्या एक आजी त्या खुर्चीला टेकून मठ्ठा पीत होत्या आणि त्यांच्या खांद्यामागून पेंग्विन डोकावत होता. मी फोटो काढणार, इतक्यात पाठीवर थाप पडली. काका, काखेत लाल वही.

“पुढच्या वर्षी तिसरा शनिवार वीस सप्टेंबर. सर्वपित्रीचा आदला दिवस. धरून ठेवू ना?”

“भाडं?”

“अडतीस. आणि बदकं घरी ठेवून या.”