आधी खर्च करा, मग बघू

शिकागोत राहणाऱ्या मराठी माणसाला घरच्यांकडून एक ठरलेलं वाक्य ऐकावं लागतं: "तुमच्याकडे बरं आहे, सगळं ऑनलाइन." वाक्य खोटं नाही. इथली महापालिका छोट्या दुकानदारांना छप्पर, खिडक्या, दर्शनी भाग दुरुस्त करायला अनुदान देते. स्मॉल बिझनेस इम्प्रूव्हमेंट फंड हे त्यातल्या जुन्या योजनेचं नाव. कुठल्या दुकानाला किती डॉलर मिळाले आणि कामाचा एकूण खर्च किती होता, हे पालिकेच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरावा लागत नाही, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हेही ऐकावं लागत नाही.

हे शहर काही साधुसंतांनी वसवलेलं नाही, हेही सांगायला हवं. शिकागोत ५० वॉर्ड आणि ५० ऑल्डरमन, म्हणजे आपले नगरसेवक. वॉर्डातला परवाना असो की जमिनीचा वापर, स्थानिक ऑल्डरमनच्या मर्जीशिवाय फाइल हलायची नाही, असा अनेक दशकांचा अलिखित रिवाज. एड बर्क तब्बल ५४ वर्षं एकाच वॉर्डातून निवडून येत होते. बर्गर किंगच्या एका दुकानाचं नूतनीकरण परवान्यावरून अडवायचं आणि त्या बदल्यात मालकांनी मालमत्ताकराचं वकिली काम आपल्या फर्मकडे द्यावं म्हणून दबाव आणायचा, हा त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी दोन वर्षांची कैद झाली. वाचताना मला कुठल्याही मराठी शहराचा वॉर्ड आठवला, फक्त थंडी जास्त.

तेव्हा पारदर्शकता इथे आली ती मार खाऊन. तेव्हाच्या महापौर लोरी लाइटफूट यांनी २०१९ मध्ये पदावर आल्या त्याच दिवशी आदेश काढून परवान्यांमधल्या या मर्जीला लगाम घातला. दुरुस्तीच्या अनुदानात निधीपेक्षा मागणी जास्त झाली की सोडत निघते, आपल्या म्हाडासारखी. ओळख असो वा नसो, चिठ्ठी सगळ्यांची सारखीच.

इथवर सगळं छान. पण पैसा येतो कुठून, ते बघा. शहराने ठरवून दिलेल्या एखाद्या भागातला मालमत्ताकर वाढला की ती वाढ २३ वर्षं त्याच भागासाठी बाजूला ठेवतात. सगळ्या शहराची मिळून ही रक्कम वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर गेलेली आहे. जिथे जमिनीचे भाव चढतात तिथे निधी भरपूर साचतो आणि जिथे दुकानांना फळ्या ठोकलेल्या आहेत तिथे फारसा नाही. सोडत निष्पक्ष असली तरी ती ज्या मडक्यातून काढायची ते मडकंच काही भागांत रिकामं.

यावर २०१६ मध्ये काढलेला उपाय मला मनापासून आवडतो. डाउनटाउनमध्ये जास्तीचं बांधकाम हवं असेल तर बिल्डरने पैसे भरायचे. आपल्या भाषेत एफएसआयचा, म्हणजे जादा चटईक्षेत्राचा, प्रीमियम. त्यातला ८० टक्के वाटा नेबरहुड ऑपॉर्च्युनिटी फंडात जातो आणि शहराच्या दक्षिण, पश्चिम आणि नैर्ऋत्य भागांतल्या दुकानांसाठीच वापरला जातो. डिव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवरच्या आपल्या देशी दुकानदारांना यातून काही मिळत नाही, कारण ती गल्ली उत्तरेला. याबद्दल तिथे कुरकुर ऐकू येते, पण मला ती पटत नाही. मुंबईतही बिल्डर फंजिबल एफएसआयसाठी प्रीमियम भरतात. त्यातला ठरलेला हिस्सा गोवंडी-मानखुर्दच्या दुकानदारांसाठी राखून ठेवा, अशी मागणी मी कुठल्याही जाहीरनाम्यात वाचलेली नाही.

शिकागोची खरी गोम मात्र वेगळीच आहे. जुन्या योजनेत अनुदान कामानंतर मिळतं. आधी स्वतःच्या खिशातून छप्पर बदलायचं, बिलं जोडायची, तपासणी व्हायची आणि मग धनादेश. दुकान भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी संमती हवी. शहराची देणी थकलेली असतील, त्यात पार्किंगचा दंडही आला, तर आधी ती फेडा. आता समजा, एका बाईने भाड्याच्या गाळ्यात पोळी-भाजीचं दुकान काढलं आहे. तिच्याकडे छपरासाठी चाळीस हजार डॉलर पडून असते तर तिला अनुदान कशाला लागलं असतं? ती अर्जच करत नाही. संकेतस्थळावरच्या यादीत ज्यांना मिळालं त्यांची नावं आहेत, पण जे दारापर्यंतही पोहोचले नाहीत त्यांचा रकाना तिथे नाही.

मायदेशातल्या वादांत मला या न पोहोचलेल्यांचीच गोष्ट सापडत नाही. मुंबई-पुण्यात फेरीवाल्यांचा विषय निघाला की बोलणं दोनच रुळांवर जातं: कोणी किती हप्ता खाल्ला आणि परप्रांतीय किती आले. दोन्ही प्रश्न असतील खरे. पण पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्जयोजना बघा. जून २०२० मध्ये सुरू झाली, पहिलं कर्ज दहा हजार रुपये, तारण नाही, रक्कम थेट बँकेत. २०२५ मध्ये पहिलं कर्ज पंधरा हजारांवर नेलं. कर्ज आहे, अनुदान नव्हे, पण 'आधी खर्च करा' म्हणणाऱ्या शिकागोपेक्षा ही रचना गरिबाला जास्त ओळखते, असं मी इथे बसून बेधडक म्हणेन.

अडतं ते आधीच्या यादीवर. योजनेसाठी पालिकेच्या सर्वेक्षणात नाव हवं किंवा पालिकेचं शिफारसपत्र. मुंबईतलं सर्वेक्षण २०१४ चं. तेव्हा ९९ हजारांहून अधिक अर्ज आले. ऑगस्ट २०२४ मध्ये फेरीवाल्यांचे प्रश्न बघणाऱ्या नगर पथविक्रेता समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदार होते ३२,४१५, तेही त्याच सर्वेक्षणातून निघालेले. पथविक्रेत्यांचा कायदा म्हणतो, दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करा. दहा वर्षांत जी मुलं मोठी झाली, ज्या बायकांनी नवऱ्याची गाडी पुढे चालवली, जे गिरणगावातून उठून कल्याणला गेले, ते या हिशेबात कुठे धरायचे? आणि शिफारसपत्र कोण देणार, कशाच्या आधारावर? तिथे पुन्हा वॉर्डातली मर्जी आलीच.

म्हणून "अमेरिकेसारखं ऑनलाइन करा" या सल्ल्याला मी हल्ली मान डोलावत नाही. अर्ज ऑनलाइन करा, जरूर करा. पण नामंजूर झालेला प्रत्येक अर्ज कारणासकट वॉर्डनिहाय जाहीर करा आणि शिफारसपत्र कोणाला का नाकारलं तेही लिहा. नवं सर्वेक्षण त्याच्याही आधी. शिकागोला माझं सांगणं वेगळं आहे: मंजुरी मिळताच निम्मी रक्कम थेट कंत्राटदाराच्या नावाने द्या, उरलेली तपासणीनंतर. आमच्या वॉर्डाच्या सभेत मी हे मांडणार आहे. तिथे प्रत्येकाला बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात, पण निदान मिळतात.