१२ एप्रिलचं पत्र ३ एप्रिलला कसं पोचलं

नमस्कार ताई, आमच्या कादंबरीला तुम्ही दिलेला एक स्टार पाहिला. आधी सॉरी. तुमच्या प्रतीत एक फॉर्म दोनदा लागलाय, सोळा पानं रिपीट झालीत, ती बाइंडिंगची चूक आमचीच, दुसरी प्रत पाठवतो. नायक उत्तरार्धात नुसता रडत बसतो आणि नायिका शेकडो वर्षं जगूनही कॉलेजातल्या मुलीसारखी बोलते, हेही मान्य, लेखिकेला मी तेव्हाच बोललो होतो.

पण "कॅलेहून १२ एप्रिलला लिहिलेलं पत्र डोव्हरला ३ एप्रिलला पोचतं, प्रूफं वाचणारा झोपला होता का" हे मात्र लागलं हो. प्रूफं मीच वाचतो. तीनदा वाचली. अहो ते साल १५८३ आहे, त्याच्या आदल्या वर्षी पोपने कॅलेंडर बदललं, रोममध्ये ४ ऑक्टोबरला झोपलेली माणसं उठली ती डायरेक्ट १५ तारखेला, फ्रान्सने डिसेंबरात ९ नंतर २० धरली आणि इंग्लंड हटून बसलं ते थेट १७५२ पर्यंत. म्हणजे फ्रान्सच्या कॅलेत १२ तेव्हा समोर इंग्लंडच्या डोव्हरला २. पत्र खाडी ओलांडून दुसऱ्या दिवशी पोचलं तर ३ च होणार ना! आणि कादंबरीचा जीवच तिथे आहे, जिला मरण नाही ती बाई ते गेलेले दहा दिवस बोटांवर मोजत बसते, कारण नायक मरणारा आहे.

खुलासा शेवटच्या पानावर टीप म्हणून आहे. तुम्हीच लिहिलंय की दीडशे पानांनंतर सोडून दिलं, मग टीप दिसणार कशी?

आपण म्हातारी दिसावं म्हणून नायिका केसांना राख चोळते, तो रात्री केसांवरून हात फिरवतो, बोटं राखेने माखतात आणि तो काही न बोलता उशीला पुसतो. हा प्रसंग त्या दीडशे पानांतच आहे. त्यावर एक शब्द नाही तुमचा. असो.

आम्ही नवराबायको दोघंच हे प्रकाशन चालवतो, असे रिव्ह्यू बघून लोक पुस्तक परत ठेवतात. टीप पुढच्या आवृत्तीत सुरुवातीला घेऊ, आवृत्ती निघाली तर, आणि संवादांचंही बघतो काहीतरी. स्टार वाढवा असं म्हणत नाही, फक्त ते झोपल्याचं वाक्य काढता आलं तर बघा.