एका रात्रीत बरी होणारी नायिका

पश्चात्ताप आणि पर्यायी आयुष्ये या विषयांवर खपणारी कादंबरी लिहावी असे आपल्या मनात असेल, तर सदाशिव पेठेतल्या एका खोलीत एकट्या राहणाऱ्या पस्तिशीच्या नायिकेपासून सुरुवात करावी. पहिल्या वीस पानांत तिची नोकरी, भाऊ आणि मांजर ही तिन्ही काढून घ्यावीत, म्हणजे तिला जगणे नकोसे का झाले हे वाचकाला सकारण पटेल. सगळे ठीक चाललेले असतानाही एखाद्याला महिनोन्महिने अंथरुणातून उठवत नाही, ही वस्तुस्थिती कथानकाला गैरसोयीची असल्याने वगळावी.

त्यानंतर न जगलेली आयुष्ये तिला साड्यांच्या दुकानातल्यासारखी एकेक करून दाखवावीत. कथक नर्तकी, अमेरिकेतली सून, कोकणातली बागायतदारीण. प्रत्येकीला बारा पाने, आणि तेराव्या पानावर काहीतरी बिनसलेच पाहिजे. फक्त तिचे नैराश्य तिच्याबरोबर अमेरिकेत पोहोचणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण झोप, भूक आणि एकाग्रता खाऊन टाकणारा आजार नवरा बदलला म्हणून मागे कसा राहिला, अशी शंका एकदा वाचकाला आली की सगळी रचनाच कोसळते.

शास्त्राधारासाठी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ साली मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेचा ओझरता उल्लेख पुरे. पुण्यात एक अडचण आहे खरी: जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी जराशी चुकवली आणि तेवढ्यावरून पुढचा सारा इतिहास कसा बदलला असता हे दाखवले, त्यामुळे इथला वाचक बदलाचे परिणामही मागतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे.

मनोविकारतज्ज्ञाला मात्र कथेत पाऊल ठेवू देऊ नये. नैराश्यावरच्या औषधांचा गुण येऊ लागायलाच साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही, आणि आपली नायिका तर उजाडायच्या आत बरी व्हायची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. आपण ती दिनदर्शिकेच्या पानावर मावतील अशी वाक्ये बोलणाऱ्या एका प्रेमळ आजींवर टाकावी.

अशा वाक्यांना वाचक भुलतोच. पेठेतल्या वाचनालयातून मला मिळालेल्या अशाच एका कादंबरीत आधीच्या कुणा सभासदाने त्यांच्याखाली पेन्सिलीने पट्टी धरून रेघा ओढल्या आहेत, त्याही पार साठाव्या पानापर्यंत. त्यापुढे त्याने केवळ ऱ्हस्वदीर्घ सुधारले आहेत.