सिंधुदुर्गाचा गोवा करायचा, तर आधी बावीत डोकावू या

मे महिना आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्याच गावचा. मजकूर थोडक्यात असा: "गोव्याला आहे तोच समुद्र आपल्याला आहे, वाळू तीच, पाणी उलट जास्त स्वच्छ. तरी पर्यटक गोव्यात का? कारण आपल्याकडे सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा) जाच आहे, मोठ्या हॉटेलांना अडवणारे बाहेरचे लोक आहेत आणि पुढाऱ्यांना इच्छाशक्ती नाही. हे अडथळे काढा, सिंधुदुर्गाचा गोवा करा, मुंबईला गेलेली पोरं परत येतील."

शेवटचं वाक्य वाचताना माझ्याही पोटात कालवतं. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. देशाची वाढत असताना आमची घटली. वाडीत दर दोन घरांमागे एक कुलूप दिसतं. त्यामुळे मेसेज पुढे पाठवणाऱ्याची तळमळ खरी आहे, हे मी आधीच मान्य करतो. पण त्यातलं एकेक विधान तपासलं की ते टिकत नाही, आणि आराखडे जर अशाच विधानांवर बेतले गेले तर उरलेल्यांनाही घर सोडावं लागेल.

पहिलं विधान, "समुद्र तोच." समुद्र तोच आहे, पाणी तेच नाही. पिण्याचं म्हणतोय मी. उत्तर गोव्यातल्या पेडणे, डिचोली, बार्देशाला तिळारी धरणाचा आधार आहे, आणि ते धरण आमच्या दोडामार्ग तालुक्यात, दोन राज्यांनी मिळून बांधलेलं. तिळारीचा कालवा फुटला की बार्देशात पाण्याची ओरड होते. म्हणजे बार्देशातल्या ज्या कळंगुट-बागाची उदाहरणं आपण देतो, त्यांच्यामागे एक धरण उभं आहे. आमच्या मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीच्या मागे कोण उभं आहे? बाव, म्हणजे विहीर.

देवबाग म्हणजे एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. ढोबळ हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. उलट वाचलं तर अर्थ भयंकर आहे: पंप लावून वरची पातळी एक फूट उतरवली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला बघतं. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याचा इथे उपयोग मर्यादित. जांभ्यातून आणि वाळूतून तो बघता बघता समुद्राला मिळतो.

माझ्या काकीच्या देवबागात चार खोल्या आहेत, पर्यटकांना देते. तिच्या बावीचं पाणी पूर्वी शेजारची तीन घरं प्यायला नेत. आजूबाजूला बोअर आणि पंप वाढले, आणि दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी गेलो तेव्हा ती चुलीपुढे उभी राहून म्हणाली, "पाणी मचूळ झाला रे. च्याय करूक घेतलंय की दूध फाटता." टोपातला तो फाटलेला चहा मी पाहिला. शेवटी तिने पर्यटकांसाठी बाटल्या आणल्या आणि घरच्यांसाठी टँकरचं पाणी.

आता मेसेजमधलं "मोठं हॉटेल" या पट्टीवर ठेवून बघा. पाणीपुरवठ्याच्या मानकांत पंचतारांकित हॉटेलसाठी एका खाटेमागे दिवसाला 320 लिटर धरतात, आणि जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला 55 लिटर. शंभर खोल्या, दोनशे माणसं, म्हणजे रोज 64 हजार लिटर. साडेअकराशेहून जास्त गावकऱ्यांचा तो दिवसाचा वाटा झाला. त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन पुन्हा त्याच वाळूत मुरणार, जिच्यात बावी आहेत. आपल्याकडच्या भाषणांत खोल्या किती वाढवायच्या याचा आकडा असतो. हे पाणी येणार कुठून आणि घाण झाल्यावर जाणार कुठे, याचा नसतो.

सिंधुदुर्ग किल्ला बांधणाऱ्यांना हे कळत होतं, असं मला तिथे गेल्यावर दर वेळी वाटतं. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. किल्ल्यावर किती माणसं राहतील हे त्या तीन बावींना विचारूनच ठरलं असणार.

दुसरं, सीआरझेड. "काहीच बांधू देत नाहीत" हे खरं नाही. 2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा (जिथे नवं बांधकाम करता येत नाही) 50 मीटरवर आणायची सोय आहे, विरळ वस्तीत तो 200 मीटर. स्थानिकांना आपल्या राहत्या घराचा चौथरा आणि दर्शनी रूप न बदलता होमस्टे चालवता येतो. अडचण आहे ती वेगळी. आजोबांच्या वेळचं घर दुरुस्त करायलासुद्धा गरीब गाबिताला, म्हणजे इथल्या मच्छीमाराला, खेटे घालावे लागतात, कागद सापडत नाहीत, नकाशा समजत नाही. ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे गावात शिबिर लावून परवानग्या देणं. दोनशे मीटरची अटच काढली तर फायदा त्याला होणार नाही, त्याची जमीन विकत घेणाऱ्याला होईल. शिवाय दर पावसाळ्यात देवबागचा किनारा दर्या खातो, हे आपण डोळ्यांनी बघतो. तो मोकळा पट्टा आपल्या घरांसाठी आहे.

तिसरं, रोजगार. मोठ्या हॉटेलात पगार बारमाही असतो, पीएफ असतो, पोरांना शिस्तीचं शिक्षण मिळतं. हे होमस्टेत मिळत नाही, आणि त्याची गरज आहे. म्हणून माझं म्हणणं, अशी हॉटेलं महामार्गालगत, कुडाळ-सावंतवाडीकडे, जिथे पाण्याची आणि सांडपाण्याची सोय करता येते तिथे आणा. किनाऱ्यावर मात्र मालक गावचाच हवा. काकीकडे चार माणसं जेवायला असली तर बांगडा सकाळी रापणीवरून (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावरून) येतो, सोलं शेजारच्या घरातून, घावण्यांचं पीठ गावच्या गिरणीतून, आणि पाहुण्यांना धक्क्यावर सोडायला पुतण्याची रिक्षा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. होडी त्यांची, वल्हंही त्यांच्याच हातात. आणि शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलासाठी 1990 च्या दशकात जमिनी घेतल्या, त्याला तीन दशकं उलटली. तेव्हा ज्या पोरांना नोकरीची आशा दाखवली होती, ती आता पन्नाशीला टेकली.

"विरोध करणारे बाहेरचे" हे वाचून तर मला राग येतो. रापण ओढायला किनारा मोकळा लागतो. तिथेच जेट-स्की आणि खुर्च्या मांडल्या की बोलतो तो रापणकर संघातला म्हातारा. तो बाहेरचा कसा? आणि गोव्याचंच उदाहरण हवं असेल तर पूर्ण घ्या. गोव्याचा 2011 पर्यंतच्या जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केल्यावर 2007 च्या सुरुवातीला सरकारला मागे घ्यावा लागला. तो विरोध गोंयकारांनीच केला होता.

इच्छाशक्तीबद्दल फार लिहीत नाही. 1997 ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, 2021 ला चिपी विमानतळ, 2023 पासून हद्दीला लागून गोव्याचा मोपा विमानतळ. माणसं आणायच्या वाटा झाल्या. 24 मे 2022 ला तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. बोटींची मोजणी, जॅकेट, माणसांची मर्यादा यांवर जी इच्छाशक्ती लागते, तिच्याबद्दल या मेसेजमध्ये एक ओळ नाही.

जुलै 2025 मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले. गर्दी वाढणारच. म्हणून आराखड्याची सुरुवात वाडीनिहाय व्हावी असं मला वाटतं: एप्रिल-मेमध्ये बावीत पाणी किती, त्यातून गाव भागल्यावर उरतं किती, त्यावर खोल्या किती. आकडा भरला की पुढच्या माणसाला धामापूरच्या तळ्याकडे, कुडोपीच्या कातळशिल्पांकडे, आंबोलीकडे, जत्रेतल्या दशावताराकडे वळवायचं. धामापूरचं तळं 1530 चं, जागतिक सिंचन वारसा म्हणून 2020 मध्ये गौरवलेलं, आणि मालवणला आलेल्यांतले किती जण तिथवर जातात? नाताळच्या आठवड्यात एकाच किनाऱ्यावर होणारी रेटारेटी नोव्हेंबर-फेब्रुवारीत आणि आतल्या गावांत पसरली, तर काकीसारखीला तेवढेच पैसे मिळतील, बावीवर ताण कमी पडेल.

तिने स्वतःपुरतं हे सुरू केलंय. यंदा मेमध्ये चारपैकी दोनच खोल्या दिल्या. पुण्याच्या एका कुटुंबाचा फोन आला तेव्हा तिने पाण्याचं खरं कारण सांगितलं आणि दिवाळीनंतर या म्हणाली. त्यांनी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचं आगाऊ भाडं पाठवलंय.