चित्त्याचं काजळ

सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी आणि नावापुरता डिंक. ती कागदाच्या खरखरीतपणात अडकून बसते, वाळत वगैरे कधीच नाही. वरून फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा फवारा, मारावा तर उजळ रंग काळवंडतात, म्हणून मी मारत नाही. थोडक्यात, काढलेली रांगोळी ताटात घेऊन लोकलमध्ये चढावं तसा माझा चित्ता मी बटरपेपरखाली झाकून दादरला आणला. सोबत तैलरंगातला हत्तीही होता. गर्दीत दोघांना काही झालं नाही. जे झालं ते फ्रेमच्या दुकानात, पंख्याखाली, अगदी निवांत.

फ्रेमवाला आत पट्ट्या कापत होता. बाहेर स्टुलावर एक काका. वडिलांच्या फोटोची फ्रेम बदलायला आलेले, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, आणि हाताशी मुबलक वेळ. मी हत्ती काउंटरला टेकवला.

"हत्ती लाल कसा?"

"केनियात त्सावो म्हणून आहे काका, तिथली माती लाल आहे. हत्ती ती अंगावर उडवून घेतात."

"मग आंघोळ घालून काढायचा." त्यांनी चष्मा वर केला. "आणि कान मोठे झालेत."

"आफ्रिकन हत्तीचे मोठेच असतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायला."

"मी गुरुवायूरला इतके हत्ती बघितलेत, एकाचेही एवढे नव्हते. बरं, शेजारी पिल्लू आहे म्हणजे ही आई. आईला सुळे?"

"त्यांच्यात माद्यांनाही असतात."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई हिशेबात सापडायची नाही. मग मुद्द्यावर आले. "सोंड खाली आहे. खाली सोंडेचा हत्ती घरात लावत नाहीत."

"ती पाणी पितेय हो."

"पिऊन झाल्यावर काढायची."

यावर काय बोलणार? वास्तुशास्त्राने आमच्या धंद्याचं जे केलंय ते कॅमेऱ्यालाही जमलं नाही. लोकांना हवे असतात ते सात धावते घोडे. मला तर एका बाईंनी सात झेब्रे मागितले होते, पूर्वेकडे धावणारे, "पट्टे थोडे कमी चालतील" या सवलतीसह. हत्तीच्या सावलीतला तो करडा रंग निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना किती वेळा घोटून आलाय, हे कोणी विचारत नाही. जवसाच्या तेलातला रंग दोरीवरच्या कपड्यासारखा वाळत नाही. तो हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतो. पावसाळ्यात पांढरा रंग दिवसेंदिवस बोटाला चिकटतो, आणि टर्पेंटाइनच्या वासाने शेजारच्या वहिनी दारात येऊन विचारतात, "पेस्ट कंट्रोल करून घेतलंत का? आमच्याकडे येतील का ते?"

असो. मी बटरपेपर उचलला.

"वा, बिबट्या!"

"चित्ता."

"एकच ते."

एकच नाही. बिबट्याचे ठिपके पाकळ्यांच्या गोलासारखे, मधे पोकळ, चित्त्याचे भरीव. मी हे सांगितलं, तेही हसून. काका म्हणाले, "बिबट्याच काढायचा तर बोरिवली काय वाईट होतं? आफ्रिकेला गेला होतात का?"

"नाही."

"मग बघितलात कुठे?"

हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि दर वेळी तो लागतो. फोटोग्राफरांची रीतसर परवानगी घेऊन मी त्यांच्या फोटोंवरून काढते. समोर बसून काढलेला आफ्रिकेचा प्राणी म्हणजे राणीच्या बागेतला पाणघोडा. त्याने दुपारभर दोन नाकपुड्या आणि दोन कान एवढीच पोझ दिली. विमानाच्या तिकिटाचे पैसे असते तर मी दादरला फ्रेमचा भाव करत उभी असते का?

"आता तर आपल्याकडेच आणलेत," काका म्हणाले. "मध्य प्रदेशात. आपलाच काढा की."

"कुनोला. २०२२ साली आठ आले, तेही नामिबियातून. आपला चित्ता संपल्याचं १९५२ मध्येच जाहीर झालं."

"इथे आला म्हणजे आपला." हे मात्र मला खोडता आलं नाही, आणि तेवढ्या क्षणभर मी गाफील राहिले.

"अहो, याचं काजळ ओघळलंय."

चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. उन्हाची तिरीप डोळ्यावर येऊ नये म्हणून असावी, असा एक अंदाज आहे. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर काकांनी अंगठा जिभेला लावला होता. एकच फटकारा, डोळ्यापासून मिशांपर्यंत. सकाळी मोडक्या काळ्या कांडीच्या धारेने श्वास रोखून ओढलेली रेघ गालभर पसरली.

काकांनी अंगठा पाहिला. "रंग कच्चा आहे तुमचा."

कोरडं बोट असतं तर ब्रशने झटकून पुन्हा काढता आलं असतं. थुंकीने पेस्टलचा चिखल होतो, तो कागदाच्या दाण्यांत बसतो आणि वरचा थर धरत नाही. हे मी काकांना सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण आवाज जरा चढला, आणि लगेच रस्त्यावरचे दोघे "काय झालं, काय झालं" करत डोकावले आणि मीच वयस्कर माणसावर ओरडणारी ठरले. "एवढ्यात ऑनलाइन प्रिंट मिळते, धुता येते," असंही त्यातला एक म्हणाला. या शहरात कोणी दुसऱ्याच्या गाडीच्या बॉनेटला हात लावला तर मारामारी होते. चित्राला हात लावणं म्हणजे मात्र कौतुक; त्याबद्दल आपण आभार मानायचे.

तेवढ्यात फ्रेमवाला बाहेर आला. मी त्याला निगुतीने समजावलं: माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, जाड हवा, काच कागदाला टेकता कामा नये, मागून टेप. त्याने सगळ्याला मान डोलावली. चित्ता दोन हातांनी उजेडात धरला, तिरका केला, बारकाईने पाहिला.

"मॅडम, यावर भुकटी फार बसलीय. काच लावायच्या आधी झटकून घेऊ?"

"मी तेच सांगतोय यांना मघापासून," काका म्हणाले.