मामीच्या विहिरीचं पाणी कोण तपासणार?

मामाचं गाव पारनेर तालुक्यात, के. के. रेंज या लष्कराच्या सरावाच्या मैदानाजवळ. खारेकर्जुने गावावरून रेंजला हे नाव पडलं. नगरच्या आर्मर्ड कोअरचा रणगाड्यांचा सराव तिथे चालतो. गोळा सुटला की आधी खिडकीची तावदानं थरथरतात, मग आवाज येतो. मामी भाकरी थापता थापता एका हाताने मांडणी धरते आणि पुन्हा कामाला लागते. लहानपणी आम्ही सुट्टीत धावत ओट्यावर जायचो. आता मला तिथे बसून एकच गोष्ट दिसते, अंगणातली विहीर.

रेंजबद्दल बातमी येते ती दोनच प्रसंगी. एक, भंगार वेचायला गेलेल्या कुणाच्या हातात जिवंत गोळा फुटतो तेव्हा. दोन, जमिनीचा विषय निघतो तेव्हा. २०२० मध्ये राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतली २३ गावं भूसंपादनाच्या भीतीने खडबडून उठली होती. जीव आणि जमीन, दोन्ही मोठेच प्रश्न. पण पाण्याचं नाव कुणी काढत नाही.

गोळा नीट फुटला तर स्फोटक जवळजवळ सगळं जळून जातं. अर्धवट फुटलेला, नाहीतर तडकून पडून राहिलेला गोळा जास्त घातक. त्यातलं आरडीएक्स पावसात हळूहळू विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतूनच विहिरीला झरे येतात. भेगेतून पाणी कुठून कुठे निघेल, हे वरून बघून कुणाला सांगता येणार?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉडवर कॅम्प एडवर्ड्स नावाचा असाच सरावाचा तळ आहे. तिथल्या भूजलात आरडीएक्स आणि पर्क्लोरेट (दारूगोळ्यात वापरलं जाणारं एक रसायन) सापडलं. सगळा भाग त्याच भूजलाचं पाणी पितो. १९९७ मध्ये त्यांच्या पर्यावरण संस्थेने तोफा आणि उखळी तोफांचा सराव थांबवायचा आदेश काढला, तोही थेट सैन्याला. २००२ मध्ये शेजारच्या बोर्न गावाने पर्क्लोरेटमुळे आपल्या काही विहिरी बंद केल्या. पर्क्लोरेट थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. पोटातल्या बाळासाठी ही साधी गोष्ट नाही. त्याच वर्षी राज्याने कायदा करून त्या तळावर देखरेखीसाठी आयोग नेमला, सोबत शास्त्रज्ञांची आणि स्थानिक लोकांची सल्लागार मंडळं दिली. भूजल उपसून कार्बनमधून गाळायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. तळ मात्र बंद पडला नाही. सैन्याचं प्रशिक्षण आणि गावाचं पाणी एकत्र सांभाळता येतं, हे मला त्यातून पटलं.

आपल्याकडे १९३८ चा कायदा आहे, लष्करी सरावासाठी क्षेत्र अधिसूचित करण्याचा. इंग्रजांच्या काळातला. त्यात माणसाला, मालमत्तेला झालेल्या नुकसानीची भरपाई आहे, ती ठरवायला महसूल अधिकारी नेमायची सोय आहे. पीक तुडवलं, भिंत पडली, तर पंचनामा होईल. दहा वर्षांनी विहिरीत उतरणाऱ्या विषाचा पंचनामा कोणता तलाठी करणार?

मी मामीच्या विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरून एका सरकारी प्रयोगशाळेत घेऊन गेलो. तिथे टीडीएस (विरघळलेले क्षार), नायट्रेट, फ्लोराइड, जिवाणू एवढ्याचीच तपासणी होत होती. आरडीएक्स म्हटल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे संशयाने पाहू लागला, "कशाला हवंय तुम्हाला?" त्याचं तरी काय चुकलं, हा शब्द आपण स्फोटाच्या बातमीतच ऐकलेला. गावात परत आलो तर मामी म्हणाली, "नायट्रेट चांगलं आलं ना? मग झालं." मला तिला 'झालं' म्हणता आलं नाही.

आमच्या नगर जिल्ह्यात घरटी नाही, पण गावटी तरी पाच-दहा पोरं फौजेत असतात. माझा मामेभाऊसुद्धा आहे. सैन्याने सराव करावा, चोख करावा. म्हणूनच मागणी सरळ आहे. रेंजच्या कडेच्या गावांतल्या विहिरी आणि बोअर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरडीएक्स, टीएनटी, पर्क्लोरेट आणि शिशासाठी तपासा. नमुने घेताना ग्रामपंचायतीचा माणूस हजर असू द्या. अहवाल मराठीत, पंचायतीच्या फलकावर लावा. कुठे कोणती तोफ उभी होती हे कुणी विचारत नाही, त्यामुळे गुप्ततेची आडकाठी सांगू नका. पाण्यात काय आहे एवढंच विचारतोय.

मामाच्या गावात येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा ठरलाय. मसुदा मी लिहिलाय, दीड पानाचा. राहुरी, नगर, पारनेरच्या बाजूच्या कुणाला आपल्या गावासाठी हवा असेल, किंवा नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखान्याच्या रेंजजवळ राहणाऱ्यांना हवा असेल, तर मेसेज करा. आजच पाठवतो.